ठासणीची बंदूक आणि घरचा बार

'बार भरणें', 'फुसका बार', 'बत्ती देणें' हे वाक्प्रचार मराठींत अद्यापि रोज ऐकूं येतात. पण स्वतःच्या हातानें बार भरलेला मनुष्य आमच्या मध्यमवर्गांत शोधून सांपडावयाचा नाहीं. अमेरिकेंत मात्र झाडलेल्या काडतुसाचें पितळी कवच जपून ठेवावें आणि घरच्या मेजावर त्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवावी, हा अनेक गृहस्थांचा छंद आहे. त्यासाठीं लागणारीं दाबयंत्रें, साचे व सूक्ष्म तराजू तेथें दुकानांत विकत मिळतात. आमच्या वाचकांस याचें नवल वाटेल. वस्तुतः ठासणीच्या काळीं आपल्याकडेही प्रत्येक बंदूकवाला आपला बार आपणच भरीत असे.

पुणें, सुपें, इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीचा मुलूख. या मुलखांतून वावरणारा तोड्याच्या बंदुकीचा शिपाई दारूची शिंगी, गोळ्यांची पिशवी आणि तोडा बरोबर बाळगी. नळींत आधीं दारू, मग गोळी गजानें ठासावयाची, कानाशीं रंजक घालावयाची, आणि मग तोडा लावावयाचा. दारू जास्त झाली तर नळी फुटण्याचें भय, कमी झाली तर फुसका बार. आणि पावसानें भिजली तर बंदूक आणि काठी सारखीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील दारूखाना घरांजवळ नसावा, हवालदारानें ठराविक दिवसांनीं जातीनें येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावें व पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशी ताकीद आहे. ज्या राज्यकर्त्यांस इतका बारकावा सुचला, त्यांना दारूगोळ्याचें ज्ञान नव्हतें असें म्हणणाऱ्यांचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

कागदी पुडीचें काडतूस बरेंच जुनें. १८५७ सालीं चरबीचा संशय चिकटला तो त्यालाच. खरें स्थित्यंतर पितळी काडतुसानें झालें. १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत बॉक्सर व अमेरिकेंत बर्डन या दोघां सेनाधिकाऱ्यांनीं टोपीच्या दोन निरनिराळ्या रचना केल्या. बॉक्सरच्या टोपींत तिची ऐरण तिच्याच पोटांत असते, म्हणून जळलेली टोपी मधल्या छिद्रांतून सुईनें सहज बाहेर ढकलतां येते. बर्डनची ऐरण कवचाच्या बुडाशींच घडविलेली, त्यामुळें ती टोपी काढणें जिकिरीचें. मौज अशी कीं, इंग्रजाची रचना अमेरिकेंत रुळली आणि अमेरिकनाची युरोपांत! घरीं काडतुसें भरण्याचा छंद अमेरिकेंत फोफावला, त्याचें एक कारण ही क्षुल्लक दिसणारी ऐरण होय.

आपल्याकडे गोष्ट निराळी झाली. १८६९ सालीं खडकीस सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दस्तऐवजांवर हल्ला केला आणि हें लोण इतर गांवांत पसरलें. पुढें १८७८ सालीं लिटनच्या अमदानींत हत्यारांचा कायदा झाला. तो साऱ्या हिंदुस्थानास लागू होता. सुप्याच्या दंग्याशीं त्याचा संबंध जोडणें आम्हांस पटत नाहीं. परंतु युरोपियनांस मोकळीक आणि एतद्देशीयांस परवाना, हा भेद सर्वांस सलला. १८८७ च्या मद्रास येथील काँग्रेसनें त्याविरुद्ध ठराव केला. हत्यार गेलें याची चर्चा पुष्कळ झाली. हत्याराबरोबर एक घरगुती कसबही गेलें, याची फारशी कोणी दखल घेतली नाहीं. गवताच्या छपराखालीं दारूचें मडकें ठेवणें धोक्याचें होतें, हेंही अर्थात् खरें.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यांतही काडतुसें बनविण्यास परवाना लागतोच. त्यामुळें अमेरिकेसारखा छंद येथें मूळ धरूं शकला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारही संपली. ज्या सुप्याच्या माळावर चिंकारा चरतो, तेथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. पण त्याच १९५९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमांत पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. नीरेच्या कालव्याखालच्या उसांत डुकरें शिरलीं, आणि एखाद्या राखणदारापाशीं अशी परवान्याची बंदूक असली, तर त्याला दारू मोजून, गजानें ठासून, टोपी बसवावी लागते. परवान्यावर लिहिलेल्या परिमाणाइतकीच.