वणवा आणि सातबारा

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जंगल नावापुरतेच. येडशीचा रामलिंग घाट १९९७ मध्ये अभयारण्य झाला. क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. फाल्गुनात गवत वाळते आणि वणव्याचे भय सुरू होते. मग जाळरेषा काढायच्या, हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायची. मी विचारतो, हे कष्ट उपसणाऱ्याचे नाव वनांच्या कोणत्या इतिहासात आहे?

हा प्रश्न मला गायरानाकडे नेतो. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या हाकेने मराठवाड्यातले भूमिहीन पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी अनेकांना सातबारा मिळालाच नाही. झाडे लावायची वेळ आली की कसलेले गायरान 'पडीक' ठरते. वनजमिनीसाठी २००६ चा वनहक्क कायदा बिगरआदिवासींकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. ज्याच्या आज्याला अक्षरच शिवू दिले नाही, त्याने कागद आणावा कोठून?

झाडांशी आमचे वैर नाही. पण रोप कोणी जगवले, आग कोणी विझवली आणि जमीन कोणाच्या नावे लागली, हे तिन्ही एकाच वहीत लिहिल्यावाचून वनांचे संशोधन अपुरेच राहील.