हरवलेली स्वरलिपी

रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आम्हीही दीर्घकाळ बाळगून होतो. एका स्वरलिपीच्या इतिहासाने तो दूर केला.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘डीप पर्पल’ हा रॉक चमू आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद एकाच मंचावर आले. रचना चमूतील जॉन लॉर्ड यांची, संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे. तालमीत काही वादकांनी नाके मुरडली. अर्नोल्ड मात्र या प्रयोगाच्या पाठीशी ठाम राहिले. तीन भागांच्या या रचनेत दोन्ही पक्ष आरंभी एकमेकांशी झुंजतात, अखेरीस एकत्र वाजवतात.

१९७० मध्ये स्वरलिपीची मूळ प्रत हरवली. पुढे मार्को द खुई या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकून ती नव्याने लिहून काढली, लॉर्ड यांनी तिच्यावर हात फिरवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात लंडन सिम्फनी वाद्यवृंदाने ती ‘डीप पर्पल’सह सादर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत मायकेल केमन यांनी ‘मेटॅलिका’च्या गाण्यांना सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीची साथ जोडली होती.

न ऐकताच नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो. हरवलेले संगीत परत आणले ते मात्र कान देऊन ऐकणाऱ्याने.