वळण (पनवेल परिसर)

वळण : मुलांना वागण्याबोलण्याची रीत लावणे, तसेच त्यातून अंगी आलेली रीत. अक्षराला वळण असते, शेतातल्या पाण्याला बांध फोडून वळण देतात, आणि पोराला वळण लावतात. तिन्ही कामे हाताची व रोजची. ‘शिष्टाचार’ हा शब्द सभासमारंभाकडे झुकतो, ‘संस्कारा’ला धर्मविधीचा वास आहे. घरात बोलला जातो तो ‘वळण’ हाच शब्द. ‘त्याला वळण नाही’ असे मुलाविषयी म्हणतात, पण बोट घराकडे असते.

पहिले वळण जिभेला. घरून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’, नारळही ‘वाढवायचा’. डब्यातले मीठ संपले तरी ‘संपले’ म्हणायचे नाही. अशुभ टाळावे ही मूळ समजूत. मुलाला मात्र त्यातून शब्द उच्चारण्याआधी ऐकणाऱ्याच्या मनाकडे पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय समजुतीपेक्षा मोलाची आहे. अनोळखी माणसालाही नाते लावतात : रिक्षावाले काका, मासळीवाली मावशी, दुकानातला दादा.

पनवेल तालुक्यात या शिकवणीत एक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. इथली जुनी वस्ती आगरी, कोळी, कराडी आणि डोंगराकडे ठाकूर, कातकरी. आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’. अनेक घरांत थोरांनाही नात्याच्या नावाने हाक मारून ‘तू’च म्हणतात. त्या ‘तू’मध्ये अनादर मुळीच नसतो. तरी शाळेत असे बोलणाऱ्या मुलाला उद्धट ठरवले जाते. शिक्षकांशी ‘अहो’ बोलायला त्याला जरूर शिकवावे, पण नवी रीत म्हणून. त्याच्या आजीची बोली म्हणजे बेशिस्त, असे सांगून नव्हे. प्रमाण उच्चार आणि सभ्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वळण लावण्याची सर्वांत पक्की शाळा पंगत. लग्नकार्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती वाढण्याची भांडी देतात आणि तिथे ती शिकतात. मीठ पानाच्या वरच्या बाजूला मधोमध, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, पुढ्यात भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. भांडे पानाला टेकवायचे नाही, पळीतला थेंब कुणाच्या कपड्यावर पडू द्यायचा नाही. जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरला की थांबायचे. आग्रह करावा, पण पान वाया जाईल इतका नव्हे. सर्वांना वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, आणि सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्याचे होईपर्यंत तरुण उठत नाहीत. ओळखीच्याला तुपाची धार मोठी आणि परक्याला थेंब, हा ‘पंक्तिप्रपंच’. वाढप्याचा याहून मोठा दोष नाही.

मात्र याच पंगतीत जातीजातींच्या ओळी वेगळ्या बसत, आणि तेही मुलांना वळण म्हणूनच शिकवले जाई. कुणाच्या हातचे पाणी घ्यायचे नाही, कुणी कुठवर यायचे, हे ‘चांगल्या घरची’ मुले पाढ्यांसारखी शिकत. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातच महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी प्याले ते याच रीतीविरुद्ध. वळणाचा इतिहास या पानाशिवाय सांगणे खोटेपणाचे होईल.

मराठीत वळणाचा विषय साने गुरुजींनी (१८९९–१९५०) घराघरांत नेला. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातली आई उपदेशापेक्षा कृतीने शिकवते. गुरुजींची स्वतःची रीतही तीच होती. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या ते न बोलता झाडून ठेवत. परतलेल्या मुलांना नीटनेटकी खोली पाहून जे कळे ते रागावून कळले नसते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषण करणारेही तेच. सौजन्य आणि समता त्यांनी वेगळी मानली नाहीत. माणगाव तालुक्यातील वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक असून तिथे मुलांची शिबिरे होतात.

पनवेल शहरात मुलांना एकमेकांच्या रीती शेजारातून कळत गेल्या. येथील बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८४९ मधले. बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) घराच्या चौकटीवरील मेझूझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या डबीला, हात लावून तो ओठांशी नेण्याची रीत शेजारच्या मुलांनी पाहिलेली असते. मशिदीत, देवळात, सिनेगॉगमध्ये कुठे डोके झाकायचे आणि कुठे चपला काढायच्या, हे बरोबरच्या मित्राकडे पाहून समजते.

२०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली; खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आले. गावोगावची कुटुंबे इमारतींत राहू लागली, अनेक घरांत आजी-आजोबा उरले नाहीत. आता तरुणांचे बरेच वळण हार्बर लोकलमध्ये लागते. पनवेल हे तिचे शेवटचे स्टेशन, त्यामुळे मुंबईला जाणाऱ्यांना इथे बसायला मिळते. पुढे चढणाऱ्यांना ते क्वचितच. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धा हवेत. त्याला काही बोलावे लागत नाही, नुसते बाकाजवळ उभे राहिले की खिडकीपासूनचे तिघे सरकतात. पाठीवरची सॅक चढण्याआधीच पुढे घ्यायची, दारातल्याला ‘उतरायचंय का?’ विचारायचे, आणि उतरणारे उतरेपर्यंत फलाटावर बाजूला थांबायचे. पहिल्या दिवशी कॉलेजला निघालेला मुलगा यातले काहीच जाणत नाही. कुणी वयस्कर प्रवासी त्याच्या सॅकला हलकेच हात लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सॅक पुढे असते.