कॅमेऱ्याचं ओझं

परवा माझी भाची घरी आली. नवा कॅमेरा घेतलाय तिने, सोबत दोन लेन्स. म्हणाली, ''मामा, बॅग कुठली घेऊ? दुकानात वीस-पंचवीस प्रकार आहेत.'' चाळीस वर्षं मी हौसेने फोटो काढतोय, तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर असणार असं तिला वाटलं. मी मात्र तिला आधी हिमालयात नेलं.

साल १८६३. सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून डोंगरात निघाला, तो तीसेक हमाल घेऊन. एका कॅमेऱ्यासाठी तीस माणसं? त्याचं कारण त्या काळच्या तंत्रात होतं. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे अंधारखोली बरोबरच हवी! तंबू, रसायनांच्या बाटल्या, ताटल्या आणि काचांच्या पेट्या, सारं सोबत न्यायचं. छापलेला फोटो काचेच्याच आकाराचा निघायचा, म्हणून काचाही मोठ्या, बारा इंच बाय दहा इंच. त्यात बोर्नसाहेबांचं स्वतःचं बिऱ्हाड वेगळं.

१८६६ मध्ये या लवाजम्यासह तो साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत पोचला आणि तिथे त्याने फोटो घेतले. पुढची वीस वर्षं एवढ्या उंचीवर कुणी फोटो काढला नाही, असं सांगतात. फोटो खरोखर सुंदर आहेत. पण हे हमाल थंडीला आणि वाटेला कंटाळून पळून जात, आणि आपण काठी घेऊन त्यांच्या मागे गेलो, हेही बोर्नने 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'तल्या आपल्या लेखांत लिहून ठेवलंय. काही संकोच नाही त्यात. फोटोखाली जागेचं नाव असतं, काच वाहून नेणाऱ्याचं नसतं. ते फोटो पाहताना मला दर वेळी त्या पाठी आठवतात.

पुढे ओझं भराभर उतरलं. १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरडी काच सुचवली, १८८८ मध्ये ईस्टमनचा शंभर फोटोंच्या रोलचा कोडॅक आला, १९२५ मध्ये खिशात मावेल असा लायका. हमाल गेले आणि उरलेलं सामान छायाचित्रकाराच्या स्वतःच्या खांद्यावर आलं. आपल्याकडच्या होमाई व्यारावाला १९४२ पासून दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून हे सामान वागवीत हिंडत. कधी रोलिफ्लेक्स, कधी भलाथोरला स्पीड ग्राफिक. कॅमेरा आता एकट्याने पेलता येत होता, पण तो न्यायचा कशात, याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नव्हतं.

बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर मिळायची ती चामड्याची केस. तिचं नाव 'एव्हररेडी', पण बटणं सोडवून कॅमेरा बाहेर येईतो समोरचा प्रसंग संपलेला असायचा, म्हणून जुने लोक तिला 'नेव्हररेडी' म्हणत. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची केस मी कोकणातल्या घरी पावसाळाभर कपाटात जपून ठेवली होती. गणपतीत उघडली, तर चामड्यावर हिरवी बुरशी आणि लेन्सवर कोळिष्टकासारखे धागे. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला त्या दिवशी कळलं. लेन्स गेली ती गेलीच.

खरा बदल घडला १९७०च्या दशकात, आणि गंमत म्हणजे तो पुष्कळसा परक्या धंद्यांतून आला. इंग्लंडात मार्टिन बिलिंगहॅम १९७३ पासून गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी पिशव्या शिवत होता. १९७८ मध्ये त्याला कळलं, की न्यूयॉर्कला गेलेल्या त्याच्या पिशव्या छायाचित्रकार घेतायत. नीट पाहिलं तर दोघांची गरज एकच. पाऊस आत शिरू नये, आणि न बघता हात घातला की नेमकी वस्तू हाती यावी. लोप्रोच्या बॅगांची सुरुवात ग्रेग लो या गिर्यारोहकाकडून झाली. 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'च्या जिम डॉमकीने मात्र स्वतःच्याच गरजेसाठी कॅनव्हासची मऊ पिशवी शिवून घेतली. तिचा पट्टा पिशवीच्या तळाखालून फिरतो आणि त्यात रबराचे धागे विणलेले असतात, म्हणजे तो खांद्यावरून घसरत नाही. टणक पेटीला कंटाळलेल्या माणसाचं हे काम आहे, हे हातात घेतल्यावर समजतं.

भाची म्हणाली, ''मामा, बॅग!''

तेव्हा सांगितलं. गड चढणार असशील तर पाठीवरची घे, पण कमरेला पट्टा असलेली. वजन खांद्यावर न राहता कमरेवर उतरतं. वारीचे फोटो काढायला जाणार असशील तर खांद्याचीच. त्या गर्दीत पाठीवरची सॅक उतरवायला जागा कुठे मिळणार? कप्पे मोजू नकोस, कप्पे दिसले की माणूस ते भरतो. आणि चार महिने पावसाचे, कॅमेरा बॅगेतच कोंडून ठेवू नकोस.

मग तिचं सगळं सामान माझ्या जुन्या पिशवीत भरलं आणि तिला वजनकाट्यावर उभं केलं. एकदा पिशवीसकट, एकदा पिशवीशिवाय. फरक साडेसहा किलो. पिशवी खांद्याला लावून तिला आमच्या गल्लीत एक फेरी मारून यायला सांगितलं. परत आली ती खांदा चोळतच. एक लेन्स काढली, चार्जर काढला, ट्रायपॉड काढला.

''ट्रायपॉड लागेल की तुला,'' मी म्हटलं.

''लागेल ना. दादा येणार आहे बरोबर.''

दादाला विचारलंय का, असं मी विचारलं. अजून विचारलं नव्हतं.