थेरॅक-२५

कर्करोगावरील प्रारण उपचारांसाठी ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने बनवलेले संगणक-नियंत्रित यंत्र. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका व कॅनडातील ६ रुग्णांना यातून प्रारणाची भयंकर मात्रा मिळाली. किमान तिघे दगावले. संगणकक्षेत्रातील नैतिक जबाबदारीचा विचार या प्रकरणावाचून पुरा होत नाही.

मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. आधीच्या थेरॅक-२० मध्येही तो दडलेला होता, पण यांत्रिक अडसरांमुळे अनर्थ टळत असे. नव्या यंत्रात ते अडसर काढून सुरक्षेची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. टेक्ससमधील टायलर येथे सराईत चालकाने एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉन अशी दुरुस्ती ८ सेकंदांच्या आत केली, की यंत्राला ती कळतच नसे आणि रुग्णाला अतिमात्रा मिळे. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटे. असे संदेश रोजचेच. ‘पी’ कळ दाबून उपचार पुढे चालू होई.

नैतिक दृष्टीने पाहता, परिणाम तोलणारा उपयुक्ततावादी बरे झालेल्या रुग्णांचा हिशेब मांडील. कर्तव्यालाच प्रमाण मानणारी कर्तव्यवादी भूमिका येथे अधिक पटते : रुग्णाच्या जिवाची हमी ही सौद्याची बाब नव्हे. अतिमात्रा अशक्य आहे, असे उत्पादक रुग्णालयांना कळवत राहिला, हा दोष प्रोग्रॅममधील चुकीहून गंभीर होय. प्रोग्रॅमर, कंपनी, रुग्णालय असे अनेक हात गुंतले की उत्तरदायी कोणीच ठरत नाही, याकडे तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी लक्ष वेधले. संगणक-अभ्यासक नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. टायलरचा दोष मात्र तेथील भौतिकीतज्ज्ञ व चालक यांनीच चिकाटीने पुन्हा घडवून सिद्ध केला.