बडोद्याचे फुलवृक्ष आणि त्यांची निगा

वैशाखातील उन्हात कमाटीबागेच्या वाटेने जाताना डोक्यावर लाल छत्र धरणारा गुलमोहर आम्हा बडोदेकर मराठी कुटुंबांना इतका घरचा वाटतो, की तोही आपल्यासारखाच बाहेरून येऊन येथे स्थिरावला आहे याचे स्मरण सहसा राहत नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आले. गुलमोहर मादागास्कर बेटावरून आला. वेंझेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञांना तेथे आढळलेल्या या वृक्षाचे वर्णन १८२९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले आणि त्याच शतकात तो उष्ण प्रदेशांतील बागांतून व रस्त्यांच्या कडेने पसरला.

विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग उभी राहिली ती १८७९ साली. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते व दिवाणगिरी सर टी. माधवराव यांच्याकडे होती. १८८१ च्या अखेरीस महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि बागबगिचे हा राज्यकारभाराचाच एक भाग झाला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या उद्यानाची आखणी विल्यम गोल्डरिंग यांनी केली. पुढे, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हेर्मान क्रुम्बीगल १८९३ साली हिंदुस्थानात आले व बडोदे संस्थानच्या बागांचे काम पाहू लागले. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले. बंगळूरच्या रस्त्यांवर एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने झाडे लावण्याची कल्पना त्यांच्याच नावाशी निगडित आहे.

ही कल्पना आपल्या कोरड्या, तापट हवेतही साधते. फाल्गुनात पांगारा व पळस, ज्याला आपण शेजाऱ्यांच्या सवयीने केसुडो म्हणतो. चैत्र-वैशाखात बहावा, म्हणजे येथला गरमाळा. वैशाख-ज्येष्ठात गुलमोहर आणि ताम्हण. शरदात बुचाचा सुगंध. आणि थंडीच्या तोंडावर कांचन. मात्र प्रत्येकाची प्रकृती वेगळी. ताम्हणाला ओलावा मानवतो, तर बहाव्याच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही. गुलमोहराची मुळे उथळ व दूरवर पसरणारी आणि लाकूड ठिसूळ; म्हणून तो भिंतीलगत किंवा अरुंद पट्टीत लावू नये. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला भरपूर पण अंतराने पाणी द्यावे, तेही बुंध्याशी न देता फांद्यांच्या घेराच्या कडेने आळे करून. पुढे पाण्याचा हात आखडता घ्यावा. अती पाण्याने पाला वाढतो, फूल रुसते. झाड लहान असतानाच त्याला वळण लावावे. मोठेपणी फक्त वाळलेली वा धोक्याची फांदी काढावी, आणि तीही खुंट न ठेवता, कारण खुंटातून कूज आत शिरते.

हे सारे आज आम्ही लिहितो आहोत. परंतु ज्या वेळी ते आचरणात आणावयाचे होते त्या वेळी आम्ही ते आणले नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीच्या आवाराची व्यवस्था आमच्याकडे होती. आवारात एक जुना गुलमोहर होता. पावसाळ्यात त्याच्याखाली चिखल होई व येणाऱ्या-जाणाऱ्यांची कुरकुर चाले. आम्ही बुंध्यापर्यंत फरशी बसविण्याचा प्रस्ताव मंजूर केला. तेथील वृद्ध माळी म्हणाले, ‘‘साहेब, बुंध्याभोवती हातभर माती तरी राहू द्या.’’ आम्ही हसून सही केली. फरशीची कड सरळ यावी म्हणून एका बाजूची मुळे तोडली गेली. पुढच्या उन्हाळ्यापासून बहर विरळ होत गेला, शेंडे वाळू लागले आणि चौथ्या वर्षी ज्येष्ठातील एका वादळी रात्री ते झाड उन्मळून पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. फाइलीत आम्ही स्वहस्ते नोंद केली : ‘वादळामुळे वृक्ष पडला.’

ती नोंद खोटी नव्हती, पण खरीही नव्हती. कचेऱ्यांच्या दप्तरांत वृक्षारोपणाची तारीख सापडते, पडझडीची सापडते. मधल्या काळात मुळांचे काय झाले, हे कोणी लिहीत नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तेव्हा आम्हाला त्या माळ्यांची हातभर माती आठवली. ते तोवर निवर्तले होते. त्यांच्यापाशी चूक कबूल करण्याची संधी आम्हाला मिळाली नाही.

सयाजीराव महाराजांच्या काळातील वाडे आपल्यापैकी अनेकांच्या हातून गेले. काहींच्या दारात मात्र आजोबा-पणजोबांनी लावलेला बहावा किंवा बूच अद्याप उभा असेल. पुढील पावसाळ्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी जाऊन पाहावे. फरशी भिडली असेल, तर मुळांना धक्का न लावता ती उकलून घ्यावी, माती मोकळी ठेवावी, आणि त्या कामाची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवावी.