कामगार नुकसानभरपाई व विमा : दायित्वाचे बदलते स्वरूप

औद्योगिक अपघाताचे दायित्व मालकावर टाकणारा कामगार नुकसानभरपाई कायदा भारतात १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मात्र त्याने विम्याची सक्ती केली नाही. विमा न उतरविलेल्या मालकाचे दिवाळे निघाल्यास जखमी कामगाराचा हक्क कागदावरच राही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपण, प्रसूती व अपघात यांसाठी सामूहिक निधी निर्माण केला. ही योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे, तर १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९९७ पासून वेतनाच्या ४.७५ टक्के असलेला मालकाचा हिस्सा १ जुलै २०१९ पासून ३.२५ टक्क्यांवर आला. हा दर धोक्याच्या आणि सुरक्षित अशा दोन्ही कारखान्यांना सारखाच होता. त्यामुळे कामगाराला भरपाईची हमी लाभली. परंतु अपघात टाळणाऱ्या मालकास कमी हप्त्याचे प्रलोभन उरले नाही, असे म्हणावे लागते.